मधुमेह एकाचा, पथ्य घराचे

चेन्नईतल्या गिंडी भागाचे नाव घेतले की बाहेरच्या माणसाला तिथले रेसकोर्स आठवते, जुने अभियांत्रिकी महाविद्यालय आठवते, नाही तर भर शहरात हरणे आणि काळवीट राखून असलेले छोटेसे राष्ट्रीय उद्यान. पण याच गिंडीत १८९९ सालापासूनची आणखी एक संस्था आहे, किंग इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन. हा किंग कोणी राजा नव्हे. मद्रास इलाख्यातल्या एका इंग्रज आरोग्य अधिकाऱ्याचे ते आडनाव. रोग होऊ नये म्हणून काय करावे हे पाहणारी ही संस्था, आणि देवीची लस तयार करून पुरवणे हे तिचे सुरुवातीच्या काळातले मोठे काम.

देवीच्या लशीचे एक बरे होते. एकदा दंडावर टोचून घेतले की सुटलो. मग तुम्ही काय खाता, किती वाजता झोपता, जिना चढता की लिफ्टने जाता, याची चौकशी लस करत नसे. दंडावर तो गोल व्रण घेऊन आपल्या आजी-आजोबांची पिढी देवीतून तरली आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून गेल्याचे जाहीर केले.

त्याच किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात २०२३ साली एक मोठे सरकारी रुग्णालय उभे राहिले. हृदय, मूत्रपिंड अशा अवयवांच्या विशेष उपचारांसाठी ते आहे. या अवयवांना आतून पोखरणाऱ्या आजारांमध्ये आज मधुमेहाचा नंबर बराच वर लागतो. आणि मधुमेहाला लस नाही. याचा प्रतिबंध दिवसातून दोन-तीनदा ताटात आणि एकदा रस्त्यावर करावा लागतो, तोही जन्मभर.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत, असा तो हिशेब आहे. यातल्या बहुतेकांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे वाढत्या वयात, वाढत्या पोटाबरोबर आणि बसून राहण्याबरोबर येणारा. आपल्या वाचकांपैकी क्वचितच कोणाचे घर असे असेल, की जिथे फ्रिजच्या दारात किंवा देवघराशेजारच्या फळीवर साखरेच्या गोळ्यांची पाकिटे नाहीत.

घरोघरी दिसणारे चित्र

अशा घरात काय होते ते पाहा. रिपोर्ट येतो. घरातल्या कर्त्या पुरुषाची साखर वाढलेली असते. डॉक्टर म्हणतात, "खाण्यावर ताबा ठेवा, रोज चाला." घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात फार उत्साह असतो. त्यांच्यासाठी वेगळी भाजी, बिनसाखरेचा चहा, भाताऐवजी दोन कोरडे फुलके. शेजारच्या ताटांत मात्र बटाट्याची भाजी, पुरी, शिकरण. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणतात, "अगं, एखादी पुरी दे, एवढ्याने काय होतंय?" तिसऱ्या आठवड्यात पुरी न मागता ताटात येते. चौथ्या आठवड्यात चपला घालून बाहेर पडलेले काका कोपऱ्यावरच्या हॉटेलात भजी खाताना दिसतात. आणि घरच्या बाईला मधुमेह झाला असेल, तर वेगळी भाजीही होत नाही. सगळ्यांचे करून उरेल ते ती खाते. सहसा उरतो तो भात.

यात माणसाचा मनोनिग्रह कमी पडतो, असा निकाल आपण लगेच देतो. मला तो पटत नाही. एकाच माणसाला वाळीत टाकल्यासारखे वेगळे ताट वाढायचे आणि त्याने आयुष्यभर ते आनंदाने खावे अशी अपेक्षा ठेवायची, ही व्यवस्थाच चुकीची आहे. मधुमेह एकाला झाला, तरी त्याच घरातल्या मुलांना आणि भावंडांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, कारण रक्त तेच आणि स्वयंपाकघरही तेच. मग पथ्य एकट्याचे कशाला? वेगळे काही शिजवण्याची गरजच नाही. जे मधुमेह्याला चांगले, तेच घरातल्या इतरांनाही चांगले असते.

बारीक दिसणारा जाडा माणूस

"पण आमचे हे तर सडपातळ आहेत, त्यांना कसा झाला?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर आपल्या पुण्यात शोधले गेले. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांमधल्या माता आणि बालकांचा १९९३ पासून वर्षानुवर्षे अभ्यास केला. आपल्याकडची बाळे वजनाने लहान असतात, पण त्या लहान शरीरातही चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त आणि स्नायूंचे कमी, असे त्यात आढळले.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक गमतीचे छायाचित्र छापून आले. त्यात शेजारी शेजारी उभे होते लंडनचे डॉ. युडकिन आणि पुण्याचे डॉ. याज्ञिक. दोघांचे उंचीच्या मानाने वजन तंतोतंत सारखे, म्हणजे शरीरभारांक २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के निघाली! काट्यावर दोघे सारखे, आतून मात्र निराळे.

म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप आपल्याला अधिक खरे सांगते. भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे. पोटातली ही चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. इन्सुलिन म्हणजे पेशीचे दार उघडून साखर आत घेणारा दारवान. दारवान हाका मारतो, दार मात्र जड झालेले असते. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन पाठवते, काही वर्षे तसेच निभावते, आणि मग थकते. आपल्याला कळते ते शेवटी.

चेन्नईने करून पाहिले

मधुमेहाच्या बाबतीत चेन्नई हे जुने विद्यापीठच म्हणायला हवे. डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९५४ साली तिथल्या रायपुरम भागात खास मधुमेहासाठी रुग्णालय काढले. पुढे त्यांचे चिरंजीव डॉ. व्ही. मोहन आणि त्याच परंपरेतले डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेले अभ्यास जगभर वाचले जातात.

त्यातला एक प्रयोग प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे. डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने साखर उंबरठ्यावर असलेले, पण अजून मधुमेह न झालेले ५३१ लोक निवडले. ही नोकरदार, मध्यमवर्गीय माणसे होती, आपल्यासारखीच. त्यांचे चार गट केले. एका गटाला नेहमीचाच सल्ला. दुसऱ्याला आहार आणि व्यायामाचे नीट, पुन्हा पुन्हा मार्गदर्शन. तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी. चौथ्याला दोन्ही. आहार-व्यायाम म्हणजे तरी काय? साखर आणि मैद्यासारखे पदार्थ टाळा, तेल-तूप कमी करा, चोथा असलेले अन्न वाढवा आणि रोज अर्धा तास भरभर चाला. त्यात महाग किंवा परदेशी असे काहीच नव्हते.

तीन वर्षांनी काय निघाले ते २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसता सल्ला मिळालेल्या गटातल्या १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला होता. आहार-व्यायामाच्या गटात हे प्रमाण सुमारे ३९ आणि गोळीच्या गटात सुमारे ४० होते. दोन्ही एकत्र करूनही ते त्याहून खाली गेले नाही. म्हणजे चालणे आणि ताट यांनी गोळीइतके काम केले.

हे आकडे वाचून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली थोडी कडू आहे. सगळे नीट करूनही १०० पैकी ३९ जणांना मधुमेह झालाच. तेव्हा कोणाला मधुमेह झाला म्हणून "पथ्य पाळलं नसेल" असे टोमणे मारू नयेत. दुसरी फार दिलासा देणारी आहे. आहार-व्यायामाच्या गटातल्या लोकांचे वजन म्हणावे तसे उतरलेच नव्हते, तरीही फायदा झाला. महिनाभर चालून काटा जागचा हलला नाही म्हणून जे बूट कोनाड्यात टाकतात, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

याच चमूने पुढे ५३७ नोकरदार पुरुषांवर आणखी साधा प्रयोग केला. निम्म्या लोकांना नेहमीच्या सल्ल्याखेरीज मोबाइलवर आहार-व्यायामाची आठवण करून देणारे छोटे संदेश पाठवले. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांपैकी १०० मागे २७ जणांना मधुमेह झाला, संदेश मिळालेल्यांपैकी १८ जणांना. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणीतरी आपली आठवण ठेवून विचारते आहे, एवढ्यानेही फरक पडतो. हे काम करायला घरातले माणूस काय वाईट?

भात आधी की कोशिंबीर आधी?

चेन्नईच्या घरात जेवण म्हणजे भाताच्या तीन फेऱ्या. आधी सांबारभात, मग रसमभात आणि शेवटी दहीभात. (सांबार हे नाव तंजावरच्या मराठी दरबारात संभाजीराजांवरून पडले अशी दंतकथा आहे. खरे-खोटे देव जाणे, पण त्या डाळीच्या आणि भाज्यांच्या आमटीत दोष काहीच नाही. दोष तिच्याखालच्या भाताच्या डोंगरात आहे.) आपण मराठी माणसे हे ऐकून हसतो. पण आपल्या ताटाकडे पाहा. सुरुवात वरणभाताने, मध्ये तीन-चार पोळ्या, सोबत बटाट्याची भाजी आणि शेवट ताकभाताने. सकाळी पोहे झालेले असतात, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटे असतात. पिष्टमय पदार्थांचा हिशेब मांडला तर आपण काही मागे नाही.

डॉ. मोहन यांच्या संस्थेने चेन्नईत या भाताचाच पिच्छा पुरवला. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाऐवजी हातसडीसारखा, कोंडा न काढलेला तांदूळ थोड्या लोकांना देऊन पाहिला, तेव्हा दिवसभरातली साखरेची चढण सुमारे २० टक्क्यांनी कमी भरली. सोबत कडधान्ये दिल्यावर ती आणखी थोडी उतरली. लोकांना कोंड्याचा तांदूळ आवडत नाही, म्हणून त्यांनी जास्त चोथ्याचा पांढरा तांदूळही शोधून काढला. साखर किती वेगाने वाढते ते दाखवणारा त्याचा निर्देशांक ६१ च्या आसपास, तर साध्या पांढऱ्या तांदळाचा ७९.

पण तांदूळ बदलण्याआधी प्रमाण बदलावे, हे जास्त महत्त्वाचे. मधुमेह असलेल्याने एका जेवणात दोन फुलके, किंवा एक लहान भाकरी, किंवा एक वाटी भात घ्यावा. मधले ‘किंवा’ विसरू नये. आपल्याकडे ‘आणि’ म्हणण्याची सवय आहे. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबिरीचा, पाव भाग वरण, उसळ, दही, अंडे किंवा मासळीचा, आणि उरलेला पाव भाग पोळी-भाकरी-भाताचा, असा ढोबळ नकाशा डोळ्यांसमोर ठेवला की वजनकाटा घेऊन बसावे लागत नाही. कामाच्या स्वरूपाप्रमाणे कोणाला एखादी भाकरी जास्त लागेल. शेतात राबणाऱ्याचे आणि काउंटरवर बसणाऱ्याचे ताट एक कसे असेल? ते आपल्या डॉक्टरांशी किंवा आहारतज्ज्ञांशी बोलून ठरवावे.

आणखी एक युक्ती, जिला एक पैसाही पडत नाही. जेवणाचा क्रम उलटा करा. आधी काकडी-टोमॅटो-मुळ्याची कोशिंबीर आणि उसळ खा, भात शेवटी घ्या. भाजी आणि प्रथिने आधी पोटात गेली की मागून आलेली साखर रक्तात सावकाश उतरते. शिवाय तोपर्यंत निम्मी भूक भागलेली असते, त्यामुळे भात आपोआप कमी घेतला जातो. सासूबाईंना "वरणभाताशिवाय जेवायला सुरुवात कशी करायची" असे वाटेल. सणावारी त्यांचे ऐकावे, रोज आपले.

आता घरोघरच्या काही समजुती. गूळ किंवा मध साखरेपेक्षा चालतो, हे खरे नाही. रक्तात गेल्यावर त्यांची साखरच होते. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटात साखर नसेलही, मैदा आणि तूप असतेच. ज्वारी, बाजरी, नाचणी उत्तम, पण भाकरीच्या रूपात आणि मोजून. त्यांचेच बारीक पीठ पातळ शिजवून वाडगाभर प्यायले तर साखर चटकन चढते. कारल्याचा रस आणि मेथीचे दाणे आवडत असतील तर जरूर घ्यावेत, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नये. फळे बंद करण्याचे कारण नाही. पेरू, जांभूळ, पपई, संत्रे यांपैकी एखादे फळ जेवणाबरोबर नव्हे तर मधल्या वेळी खावे, आणि रस न काढता चावून खावे. हापूसच्या दिवसांत काय करायचे, हा प्रश्न मला माहीत आहे. एक-दोन फोडी, आणि त्या दिवशी तेवढाच भात कमी.

उपवास हा आपला खास विषय. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कोणी उगीच नाही पाडली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ साखर, जोडीला बटाटा आणि तूप. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी कडक उपवास केला तर उलट साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. सध्या दिवसातून दोनदाच जेवण्याचे बेत महाराष्ट्रात लोकप्रिय आहेत. त्यांनाही हाच इशारा लागू आहे. गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याशिवाय तसे काही सुरू करू नये.

तेलाचा हिशेब गृहिणीच्या हातात असतो. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर तेल पुरवून पाहावे. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर मधुमेह कोणालाच झालेला नसला तरी काहीतरी बदलायला हवे.

चालायचे कुठे?

चालल्याने नेमके होते काय? जेवणातल्या साखरेचे सगळ्यात मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. ते हलू लागले की इन्सुलिनची फारशी मनधरणी न करता रक्तातली साखर ओढून घेतात. दार जड झाले असले तरी मागचा दरवाजा उघडतो म्हणा ना. हा परिणाम चालून झाल्यावरही काही तास, कधी दिवसभर टिकतो. म्हणून रविवारी एकदम सात किलोमीटर चालण्यापेक्षा रोज अर्धा तास चालणे हिताचे. आठवड्याला दीडशे मिनिटे भरली पाहिजेत आणि लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू नये. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावलीही साखरेची चढण कमी करते. आपल्या पूर्वजांनी ती शंभर पावलांवर थांबवली, आपण हजारावर न्यावी.

नुसते चालणे मात्र पुरत नाही. आपले स्नायू मुळातच कमी, हे वर आलेच आहे. तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे असे काहीतरी करावे. "दिवसभर घरात माझी पायपीट होतेच की," असे गृहिणी म्हणतात. ती पायपीट वाया जात नाही, पण तिने छाती भरून येत नाही. तो अर्धा तास वेगळा काढावाच लागतो, आणि तो मिळावा म्हणून सकाळचा डबा दुसऱ्या कोणीतरी भरावा लागतो. व्यायाम हा आरोग्याचा प्रश्न आहे, तसा तो घरातल्या कामाच्या वाटणीचाही आहे.

देशातल्या काही भागांत, त्यात महाराष्ट्र आणि तमिळनाडूही होते, झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. निम्म्याहून अधिक, ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल करत नाहीत आणि आवडीने खेळणारे किंवा व्यायाम करणारे १०० मध्ये दहाही नाहीत, असे त्यात दिसले. आळस हे कारण आहेच. पण ज्या गल्लीत फूटपाथवर मोटारसायकली उभ्या असतात आणि दिवे बंद असतात, तिथे पन्नाशीच्या बाईने पहाटे साडेपाचला कुठे चालावे?

या प्रश्नाचे एक उत्तर चेन्नईच्याच तिरुमंगलम भागातल्या एशियाड कॉलनीने दिले. १९९६-९७ मध्ये संशोधकांनी तिथल्या मध्यमवर्गीय घरांची पाहणी केली, तेव्हा आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा व्यायाम करणारे १०० मध्ये जेमतेम १४ होते. संशोधक रक्त काढून निघून गेले नाहीत. त्यांनी व्याख्याने घेतली, पत्रके वाटली, मधुमेह कशाने होतो ते लोकांना सांगितले. कॉलनीच्या लोकांनी मग स्वतः पुढाकार घेऊन निधी जमवला आणि वसाहतीत चालण्यासाठी बाग उभी केली. पुढच्या पाहणीत आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा चालणाऱ्यांचे प्रमाण १०० मध्ये जवळजवळ ५९ वर गेले होते. लोक तेच होते, त्यांना चालायला जागा आणि सोबत मिळाली.

याच अभ्यासात टी. नगरमधली भारती नगर ही गरिबांची वस्तीही होती. सुरुवातीला कॉलनीत मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्के होते आणि वस्तीत ६.५ टक्के. मधुमेह हा खात्यापित्या घरचा आजार, या समजुतीला साजेसेच. दहा वर्षांनी पुन्हा मोजले, तेव्हा कॉलनीतले प्रमाण १५.४ टक्क्यांवर गेले होते आणि वस्तीतले १५.३ टक्क्यांवर. कॉलनीत वाढ हळू झाली, वस्तीत ती दुपटीहून जास्त झाली. हे सगळे एका बागेमुळे घडले असे म्हणता येणार नाही. खाण्यापिण्यात आणि कामाच्या स्वरूपात दहा वर्षांत बरेच बदलते. पण कष्टकऱ्याला मधुमेह होत नाही हा भ्रम तिथे मोडला, आणि त्याच्याकडे बागेसाठी वर्गणी काढण्याइतके पैसेही नसतात.

म्हणून सार्वजनिक मोकळ्या जागेचा प्रश्न मला औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात हरणांचे राज्य आहे आणि ते तसेच राहावे. पण शेजारच्या रेसकोर्सची जमीन २०२४ मध्ये राज्य सरकारने ताब्यात घेतली आणि तिच्या मोठ्या भागावर उद्यान करण्याचे ठरवले. प्रकरण न्यायालयातही गेले. योगायोगाने त्याच वर्षी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जागा लोकांच्या उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय झाला. घोडे पुष्कळ धावले, आता माणसांना थोडे चालू द्यावे. तोपर्यंत आपल्या सोसायटीच्या गच्चीवर, शाळेच्या मैदानावर, देवळाच्या प्रांगणात जे मिळेल ते वापरावे. एकट्याने जाण्यापेक्षा शेजारच्या दोघींना बरोबर घ्यावे. न गेल्यास त्या खालून हाक मारतात, हा मोठा उपयोग.

गोळी सुटते का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. काहींची सुटते, पण ज्यांना मधुमेह होऊन थोडीच वर्षे झाली आहेत आणि जे चांगले वजन उतरवतात, त्यांची. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात काटेकोर आहाराने वर्षभरानंतर जवळजवळ निम्म्या लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. दोन वर्षांनी हे प्रमाण १०० मध्ये ३६ वर आले. म्हणजे वजन परत वाढले की मधुमेहही परततो. दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या मधुमेहात स्वादुपिंड इतके थकलेले असते, की आहार-व्यायामाला औषधाची जोड द्यावीच लागते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. व्हॉट्सअॅपवरच्या "सात दिवसांत मधुमेहमुक्त" अशा दाव्यांवर विसंबून मात्र गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने कधीही थांबवू नये.

व्यायाम सुरू करण्याआधी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर आधी हृदयाची तपासणी. मधुमेह जुना असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही, कारण तिथे रक्तस्राव झालेला असल्यास वजने उचलणे घातक ठरते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालायला जाताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. दरदरून घाम आला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यावी. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यांतल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी.

आणि पाय. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू कमी होते, खडा टोचलेला कळत नाही. अनवाणी चालू नये, गवतावरही नाही. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी ते उलटे करून झटकावेत. रात्री झोपताना तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकून दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, नाही तर नातवंडाला सांगावे, ती आवडीने पाहतात.

तिशी ओलांडलेल्या, आणि आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तपासणी करावी. उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी ६.५ किंवा त्यापुढे निघाली, तर मधुमेह आहे असे डॉक्टर धरतात. चाचणीला जाताना एकट्याने जाऊ नये. घरातल्या सगळ्या मोठ्यांचे रक्त त्याच दिवशी द्यावे, आणि घरी परतताना वाटेत कोथिंबीर, काकड्या आणि मोड आलेली मटकी घेऊन यावी.